दोन लहान लेकरांसोबत हुरड्याचा शनिवार-रविवार: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

हिवाळ्यात एक तीन-चार वर्षांचं आणि एक सहा-सात वर्षांचं लेकरू घेऊन दोन दिवस बाहेर पडायचं ठरलं, की आपल्याकडे बेत जवळपास ठरलेला असतो. शनिवारी दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, परतताना बीबी का मकबरा, उजेड राहिला तर पाणचक्कीही. रविवारी बारा-साडेबाराला कुणाच्या तरी शेतात हुरडा. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास धाकटं रडायला लागतं, थोरलं चालायचं थांबतं, आणि रविवारी भर उन्हात आगटीच्या (कणसं भाजायच्या विस्तवाच्या) धुरात दोघंही कावलेली असतात. लेकरं हट्टी असतात म्हणून असं होत नाही. बेत मोठ्या माणसांच्या पायांनी आणि मोठ्या माणसांच्या भुकेने आखलेला असतो, म्हणून होतं.

खालचा बेत एकाच नियमावर उभा आहे: एका दिवसाला एकच मोठी गोष्ट, आणि तीही दुपारी एकच्या आत उरकलेली. शनिवारी वेरूळ, त्यातही निवडक लेणी. रविवारी हुरडा, सकाळचा. उरलेला वेळ लेकरांचा.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरला धरला आहे. लातूरकरांना शनिवारसाठी औशाचा किल्ला किंवा खरोसा लेणी जवळ पडतील, धाराशिवकरांना नळदुर्ग, नांदेडकरांना कंधारचा किल्ला, हिंगोली-परभणीकरांना औंढा नागनाथ. ठिकाण बदललं तरी क्रम बदलू नका. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: नळदुर्गचे नर-मादी धबधबे काय किंवा वेरूळचा लेण्यांजवळचा धबधबा काय, ही पावसाळ्याची दृश्यं आहेत. फोटो दाखवून "हे बघायला चाललोय" असं लेकरांना हिवाळ्यात सांगू नका.

टप्पा १: आठ-दहा दिवस आधी शेत पक्कं करा

हुरडा आपल्या सोयीच्या तारखेला येत नाही. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. कणसात दाणा आधी चिकात येतो, म्हणजे दाबला की पांढरं दूध निघतं. मग तो हुरड्यात येतो: हिरवा, भरलेला, नखाखाली मऊ लागणारा, पण दूध न सांडणारा. एका शेतात ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते, मग दाणा टणक होत जातो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत कुठे ना कुठे हुरडा असतोच, पण तुम्ही म्हणाल त्या शेतात, तुम्ही म्हणाल त्या रविवारी असेलच असं नाही. त्यामुळे आधी शेतकऱ्याला फोन, मग तारीख. "अजून चिकात हाय, आठ दिसानं या" असं उत्तर आलं, तर बेत आठ दिवस पुढे ढकला. चिकातलं कणीस भाजलं की दाणा आक्रसतो आणि हाताला निव्वळ तूस लागतं.

ज्वारी कुठली, हेही विचारा. सुरती आणि गुळभेंडी या खास हुरड्याच्या ज्वाऱ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत' हा वाणही हुरड्यासाठीच काढलेला आहे. यांचा दाणा गोड आणि मऊ असतो, आणि भाजल्यावर तुसातून चटकन सुटतो. भाकरीच्या मालदांडीचाही हुरडा खातात, पण तो सोलायला चिवट. मोठ्या माणसाला चार तुसं चालून जातात. तीन वर्षांच्या लेकराच्या घशात एक तूस चिकटलं, की ते खोकून खोकून उलटी काढतं आणि पुन्हा हुरड्याला हात लावत नाही.

शेत पाहुण्यांचं असो की पैसे घेऊन हुरडा देणाऱ्या केंद्राचं, फोनवर एवढं स्पष्ट विचारून घ्या:

विहिरीला कठडा आहे का? शेततळं आहे का, आणि त्याला कुंपण आहे का? रानडुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) लावलंय का, आणि दिवसा ते बंद असतं का? बसायच्या जागी सावली आहे का? शौचालय आहे का? सकाळी नऊला आगटी पेटवता येईल का?

शेवटचा प्रश्न विसरला जातो, आणि तिथेच रविवार हातचा जातो. केंद्रांवर रविवारी गर्दी साडेअकरानंतर उसळते. पहिली आगटी आपल्याला मिळाली, तर धूर कमी, गोंगाट कमी आणि कणसं भाजणाऱ्या माणसालाही लेकरांशी चार शब्द बोलायची सवड असते. पाहुण्यांकडे जाणार असाल तर किती माणसं येणार ते नेमकं सांगा. "आम्ही चौघंच" म्हणून दोन गाड्या भरून जाणं हा त्या घरच्या बाईवर अन्याय आहे. हुरडा आयता दिसतो, पण चटण्या कुटणं, दही लावणं, भाकरी थापणं हे सगळं तिच्याच माथी येतं.

लातूर-धाराशिव भागात जाणार असाल तर येळवस कधी आहे ते कॅलेंडरात बघा. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खा मुलूख शेतात असतो. कुणी बोलावलं तर जरूर जा. कडब्याच्या कोपीत (झोपडीत) बसून भज्जी, उंडे आणि आंबील खाण्यासारखं लेकरांसाठी दुसरं काही नाही. मात्र त्या दिवशी केंद्रावर हुरड्याची आशा धरू नका. माणसं आपापल्या शेतात गेलेली असतात.

तपासा: गुरुवारी पुन्हा एक फोन. "कणसं हुरड्यात आहेत ना?" एवढंच.

टप्पा २: शुक्रवारी रात्री दोन वेगळ्या पिशव्या भरा

एकच मोठी बॅग भरली, की रुमाल काढायला सगळे कपडे उपसावे लागतात. एक पिशवी गाडीतच राहील: बदलायचे कपडे, चादर, जास्तीचं पाणी, औषधं. दुसरी खांद्यावर राहील: पाणी, खाऊ, ओला रुमाल, धाकट्याचा एक जोड कपडे. बस्स.

कपडे थरांचे घाला. आपल्याकडे जानेवारीत सकाळी सातला दात वाजतात आणि अकराला घाम येतो. सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, वरून स्वेटर. रविवारी आगटीजवळ नायलॉनचं किंवा चकचकीत पॉलिएस्टरचं जाकीट अजिबात नको, कारण ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, लोंबणारा मफलर, परकर-पोलक्याचा घोळ हेही नको. पायात बंद बूट आणि मोजे. बांधावर गोखरू असतो, आणि चपलेतल्या पायाला तो शोधत येतो.

खाऊ घरचाच. धपाटे, दशम्या, केळी, गूळ घालून केलेला शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. दशमी दुधात भिजवलेली असल्याने दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि धाकट्याला चालत्या गाडीत न सांडता खाता येते. पाणी दोन्ही दिवसांचं घरून घ्या. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा अनोळखी पाण्याने. नाव हुरड्याचं होतं.

औषधांत लेकरांच्या वजनानुसार डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, उलटीचं औषध, पट्ट्या, काटा काढायला चिमटा. थोरल्याच्या मनगटावर आणि धाकट्याच्या दंडावर बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा. घामाने पुसतो, म्हणून रविवारी सकाळी पुन्हा लिहा.

आणि रात्री निजताना लेकरांना उद्याचा क्रम सांगा, तोही छोटा: "सकाळी दगडातले हत्ती मोजायचे, मग जेवायचं, मग झोपायचं." क्रम माहीत असलेलं लेकरू मधेच "आता काय?" करून भंडावत नाही.

टप्पा ३: शनिवारी सकाळी वेरूळ, तेही निवडून

वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर. घर सातला सोडा. वाटेत दौलताबादजवळ रस्ता जुन्या अरुंद वेशीतून जातो, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे वाहनं तुंबतात. ती वेस आठच्या आत मागे पडली पाहिजे. जाता-जाता "किल्ला पण बघून घेऊ" असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. दौलताबादच्या चढणीवर आणि अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या वाटेत) धाकट्याला उचलूनच न्यावं लागतं, तिथे वटवाघळांचा वास असतो, आणि तो किल्ला स्वतंत्र दिवसाचा ऐवज आहे. थोरलं दहा वर्षांचं झालं की जा.

सुट्टी जोडून पुढे ढकलणार असाल तर लक्षात ठेवा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. तीन दिवसांची सुट्टी आली की बंद दरवाजापाशी दरवेळी गाड्या उभ्या दिसतात. १५ वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही.

आता क्रम. वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १ नंबरपासून ओळीने सुरुवात करणं ही सगळ्यात मोठी चूक. कैलास १६ नंबरला आहे, आणि तिथे पोचेपर्यंत लेकरांचं बळ संपलेलं असतं. तुम्ही उलट करा.

पहिलं, आत शिरण्याआधी दोघांनाही शौचालयात नेऊन आणा. "आत्ता नाही आली" म्हणाले तरी.

दुसरं, थेट कैलास. सकाळी गर्दी नसते, दगड गार असतो आणि आवाज घुमतो. प्रवेशातून आत आल्या आल्या समोर गजलक्ष्मी आहे, सोंडेने तिच्यावर पाणी घालणाऱ्या हत्तींसह. तिथेच खेळ सुरू करा: "आता आत किती हत्ती सापडतात बघू." अंगणात दोन्ही बाजूंना खरोखरच्या मापाचे हत्ती उभे आहेत, त्यांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. मंदिराच्या जोत्यातही हत्ती आहेत, जणू त्यांनीच सगळं मंदिर पाठीवर तोलून धरलंय. धाकट्याला एवढ्यावर अर्धा तास पुरतो. थोरल्याला दक्षिण बाजूच्या भिंतीपाशी न्या. तिथे रामायणाचे पट्टे कोरले आहेत. वानरं शोधायला सांगा, सेतूचे दगड वाहणारी. त्याच बाजूला कैलास हलवणारा रावण आहे. त्याचे हात मोजायला लावा आणि वर घाबरून शंकराला बिलगलेली पार्वती दाखवा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे मंदिर वरून खाली कोरत आणलं, आधी कळस आणि मग पाया, एवढी एकच माहिती सांगा. सहा वर्षांचं लेकरू त्यावर बराच वेळ विचार करतं आणि नेमका प्रश्न विचारतं: "मग चुकलं असतं तर?" उत्तराची घाई करू नका.

तिसरं, १० नंबर. सुतार का झोपडा म्हणतात त्याला. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या आहेत, आणि समोर मोठा बसलेला बुद्ध आहे. इथे आवाज सुरेख घुमतो. एकदा हळू आवाजात एक ओळ म्हणायला लावा. किंचाळायला नाही, कारण आत इतर लोक शांत बसलेले असतात.

आणि मग बाहेर. दोनच लेणी. जैन लेणी कैलासापासून दीड-दोन किलोमीटरवर आहेत. लेकरं खरोखर ताजी असतील तरच बसने जाऊन ३२ नंबरची इंद्रसभा बघा. नसतील तर ती पुढच्या वेळची.

सावध: कैलासच्या वरच्या कड्यावरून फोटो चांगला येतो, हे खरं आहे. हातात लेकरू असताना तिकडे पाऊल टाकू नका. दुमजली-तिमजली लेण्यांच्या सज्जांना सगळीकडे कठडे नाहीत, म्हणून एका मोठ्या माणसाकडे एकच लेकरू, आणि कोणाकडे कोण हे आधीच ठरलेलं. "तुझ्याकडे होतं ना?" हे वाक्य ऐकू आलं तर वाटणी झालीच नव्हती.

सावध: माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका आणि आत खाणं काढू नका. कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात. त्या दिशेला दगड, आरडाओरडा, फटाका काहीही नाही.

तपासा: साडेदहाला स्वतःला विचारा, धाकटं चालतंय का कडेवर आहे? कडेवर असेल तर दिवस संपला. घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर ते लेण्यांपासून एक किलोमीटरच्या आत आहे, पण आधी रांग बघा. रांग मोठी असेल तर बाहेरून हात जोडून निघा. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातलं वरचं वस्त्र काढून जावं लागतं, हे थोरल्या मुलाला आधी सांगा, नाहीतर तो दारात अडून बसतो.

टप्पा ४: शनिवारी दुपार मोकळी ठेवा

बारापर्यंत जेवण, एकपर्यंत मुक्कामी, मग झोप. धाकट्याने दुपारी दीड तास झोप काढली तरच रविवार नीट जातो. संध्याकाळी सिद्धार्थ उद्यानात झोपाळा-घसरगुंडी, नाहीतर घरापुढच्या अंगणात मातीत खेळणं. त्या दिवशी आणखी एक ठिकाण दाखवण्याचा मोह आवरा. रात्री हलकं जेवण, मुगाची खिचडी आणि तूप. साडेआठला दिवे बंद.

टप्पा ५: रविवारी शेतात पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

नाश्ता थोडा देऊन निघा. उपाशी पोटी आणलं तर लेकरं पहिल्या कणसाची वाट बघू शकत नाहीत, आणि भरल्या पोटी आणलं तर हुरडा खात नाहीत. अर्धी दशमी आणि दूध पुरतं. नऊपर्यंत पोचा.

पोचल्या पोचल्या सगळे सतरंजीवर बसतात आणि लेकरं सुटतात. हेच चुकतं. सतरंजी पसरण्याआधी दोघांचे हात धरून शेताची एक फेरी मारा, आणि सीमा लेकरांना बोट दाखवून सांगा. "त्या बाभळीच्या पलीकडे आईबाबांशिवाय नाही" हे समजतं. "लांब जाऊ नका" हे समजत नाही.

फेरीत या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा:

शेततळं. मराठवाड्यात गावोगावी शेततळी आहेत, आणि लेकरांना सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. तळाला आणि उतारावर जाड प्लॅस्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि उतारामुळे पोहता येणारा मोठा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. कुंपण असलं तरी फाटकाला कुलूप आहे का ते बघा. दोर किंवा ट्यूब जवळ आहे का तेही बघा.

विहीर. कठडा नसेल तर त्या बाजूला लेकरं जाणारच नाहीत अशा जागी बैठक हलवा.

मोटारीचा स्टार्टर आणि उघड्या वायरी. झटका मशीनची तार, जी दिसायला साध्या तारेसारखीच असते. कोपीत किंवा आखाड्यावर (शेतातल्या घरी) ठेवलेल्या फवारणीच्या बाटल्या. पाण्याच्या बाटलीत औषध काढून ठेवायची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे शेतातली कुठलीही बाटली लेकराने उचलायची नाही हा नियम.

आग्यामोहोळ. बैठकीच्या वरच्या झाडावर, जवळच्या लिंबावर किंवा वडावर नजर टाका. मोहोळ असेल तर तिथे आगटी पेटवायची नाही, धुराने माश्या उठतात. भिडस्तपणा न करता जागा बदलायला सांगा.

तपासा: थोरल्याला विचारा, "आपली हद्द कुठपर्यंत?" त्याने बोटाने दाखवली की सतरंजी पसरा.

टप्पा ६: आगटी आणि कणसं

आगटी म्हणजे वीतभर खोल खड्डा आणि त्यात पेटवलेल्या गोवऱ्या. जाळ धगधगत असताना कणसं टाकली तर वरून करपतात, आतून कच्ची राहतात. गोवऱ्यांचा लालबुंद विस्तव व्हायला वेळ लागतो. हाच वेळ लेकरांना कामाला लावायचा. त्यांना शेतात न्या, हुरड्याचं कणीस ओळखायला शिकवा आणि तोडायला लावा. एक दाणा काढून नखाने दाबायचा: दूध आलं तर सोडून द्या, कडक लागला तर सोडून द्या, मऊ लागला तर हेच. लेकरू एकदा हे शिकलं की प्रत्येक कणसापुढे थांबून न्यायाधीशाच्या गांभीर्याने दाणा दाबून बघतं. कणसं तोडताना मालकाला विचारून, त्याने दाखवलेल्या ओळीतूनच.

आगटीभोवती खडूने, राखेने किंवा दोरीने दोन हात अंतरावर रेघ मारा. रेघेच्या आत फक्त भाजणारा माणूस. वाऱ्याची दिशा बघून लेकरांना वाऱ्याकडच्या बाजूला बसवा, धूर त्यांच्या तोंडावर नको. दम्याचं लेकरू असेल तर त्याला सरळ पन्नास पावलं लांब बसवा आणि सोललेला हुरडा तिथे पोचवा.

भाजलेलं कणीस पोत्यावर घेऊन हाताने चोळतात, मग सुपात पाखडून तूस उडवतात. चोळणं गरम असतानाच करावं लागतं, म्हणून ते लेकरांचं काम नाही. पाखडून झाल्यावर फुंकर मारणं मात्र त्यांचंच. डोळे मिटून फुंकायला शिकवा, तूस डोळ्यात गेलं तर चोळू न देता पाण्याने धुवा.

सावध: भाजलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई, हळद काहीही लावू नका. फोड आला असेल, चेहरा किंवा हात भाजला असेल, तर दवाखाना गाठा. १०८ नंबर फोनमध्ये साठवलेला असू द्या.

टप्पा ७: लेकरांच्या ताटात काय आणि किती

मोठ्यांचं ताट ठरलेलं आहे: हुरडा, लसणाची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ, खोबऱ्याचा तुकडा, शेव, बोरं, उसाचे करवे, भाजलेला हरभऱ्याचा हुळा. हेच ताट तसंच लेकरांपुढे ठेवलं जातं, आणि तिथे चुकतं. यातल्या निम्म्या गोष्टी चार-पाच वर्षांखालच्या लेकराच्या घशात अडकू शकतात: अख्खे शेंगदाणे, बोराची आठोळी, हुळ्याचे घाटे, उसाचा चोथा, खोबऱ्याचा कडक तुकडा.

धाकट्याला हुरडा तुसं निवडून, बोटाने किंचित चेचून, दह्यात आणि गुळात कालवून द्या. गार होऊ द्या. एका वेळी एक चमचा, आणि बसून. हुरडा तोंडात ठेवून पळायचं नाही, हा नियम मोठ्या लेकरांनाही. थोरल्याला साधा हुरडा आणि गूळ, चटणी चाखायला बोटभर. बोर देणार असाल तर आठोळी काढून. उसाऐवजी रस, तोही समोर काढलेला आणि बर्फाशिवाय.

हुरडा पचायला जड आहे. लेकरांना दोन-तीन मुठी भरपूर झाल्या. "खा रे, वर्षातून एकदा मिळतो" असा आग्रह आजीपासून मामापर्यंत सगळे करतात, तिथे आईबापाने आडवं पडलं पाहिजे. वर पातळ ताक द्या.

थोरल्याला हरभऱ्याच्या वाफ्यात न्यायचं असेल तर बोटाला चीर नाही ना ते बघा. पाल्यावर आंब असते, ती जखमेला फार झोंबते. डहाळा उपटून दिला आणि घाटे सोलायला लावले तर अर्धा तास निघतो. नंतर हात धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत.

सावध: लेकराला ठसका लागला आणि ते खोकतंय, आवाज निघतोय, तर खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडायला लागले, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच ठोसे द्या. न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट घालू नका. हे घरी आधी शिकून घ्या.

टप्पा ८: खाऊन झाल्यावरचा एक तास

इथे मोठी माणसं गप्पांना किंवा पत्त्यांना बसतात आणि लेकरांच्या हाती मोबाइल येतो. शेतात आणून मोबाइल देणं मला मनापासून वाईट वाटतं. एक काम द्या, एवढंच लागतं.

सगळ्यात चांगलं काम बुजगावणं. घरून एक जुना सदरा, एक फाटकं धोतर किंवा पँट आणि सुतळी आणा. कडब्याच्या दोन पेंढ्या मालकाकडून मागून घ्या, दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधा, सदरा चढवा, आत कडबा कोंबा. डोक्याला फुटकं मडकं मिळालं तर उत्तम, त्यावर कोळशाने डोळे काढायचं काम धाकट्याचं. नाव ठेवायचं काम थोरल्याचं. मग ते खरोखर पिकात उभं करा, म्हणजे लेकरांना आपण खोटा खेळ खेळलो असं वाटत नाही. शेतकऱ्यालाही त्याचा उपयोग होतो, पाखरं हुरड्याच्या ज्वारीवर फार उतरतात.

बैलगाडीची फेरी असेल तर लेकरांना गाडीच्या मधोमध बसवा, पाय आत. कडेला बसून पाय सोडले की चाकाच्या आऱ्यांत जायला क्षण लागत नाही. गोफण बघायला द्या, फिरवायला नको. वासराला चारा तळहात सपाट ठेवून द्यायचा, आणि आधी मालकाला विचारायचं.

टप्पा ९: निघताना

एकला आवरायला घ्या, दोनच्या आत निघा. आवरताना पहिलं काम आगटी विझवणं, दुसऱ्याच्या शेतात असलात तरी. वरून राख पांढरी आणि थंड दिसते, पण आत विस्तव तासन्‌तास जिवंत राहतो, आणि हुरड्यानंतर लेकरं भाजतात ती बहुधा अशा राखेत पाय पडून. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. वाफ येणं थांबलं की झालं.

मालकिणीला लेकरांनी स्वतः "येतो आज्जी" किंवा "येतो मावशी" म्हणावं आणि पाया पडावं. पाहुण्यांकडे गेला असाल तर जाताना काहीतरी नेलेलं असावं, आणि त्यांच्या लेकरांसाठी वही-रंग नेले तर अधिक बरं. कचरा आपल्या पिशवीत. शेतात राहिलेली प्लॅस्टिकची पिशवी गुरांच्या पोटात जाते.

गाडीत बसण्याआधी दोघांचे बूट काढून झटका, मोजे बदला आणि तळपाय बघा. काटा गाडीतल्या उजेडात सापडत नाही. पोटात भातासारखं काही गेलेलं असू द्या, कारण दोघंही पहिल्या पाच किलोमीटरमध्ये झोपतात, आणि उपाशी झोपलेलं लेकरू रात्री दहाला उठून जेवायला मागतं. घरी गेल्यावर कोमट पाण्याने आंघोळ, केसांतलं तूस आधी कोरड्या फणीने काढून. केस ओले केले की ते चिकटतं.

सोबत बांधून दिलेला हुरडा भाजलेला असेल तर त्याच रात्री संपवा, तो लवकर आंबतो. कच्चा सोललेला असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि सोमवारी सकाळी जाडसर वाटून, ज्वारीचं थोडं पीठ, कांदा, कोथिंबीर घालून त्याची थालीपीठं लावा. थोरल्याच्या डब्यात दोन जादा द्या, वर्गातली लेकरं मागणारच.